फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सेवेला शिक्षणाची जोड



शाळेच्या क्रमिक पुस्तकात एक चित्र तुम्ही पाहिलेच असेल. रात्रीची वेळ आहे, खाटांची लांबच लांब रांग आहे, जखमी सैनिक उशीवरून मान वर करून पाहत आहेत आणि हातात दिवा घेतलेली एक सडपातळ बाई त्यांच्यामधून चालली आहे. खाली नाव असते, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. चित्र खोटे नाही. फार तर एवढेच की, चित्रकारांनी तिच्या हाती जो जुन्या रोमन घाटाचा दिवा दिला तसा दिवा तिच्याजवळ नव्हता. होता तो तुर्कस्तानच्या बाजारात मिळणारा घडीचा कंदील, ज्याला आपण फानूस म्हणू. परंतु या चित्राने एक नुकसान केले आहे. परिचारिका म्हणजे गोड बोलणारी, कपाळावर हात ठेवणारी, दयाळू बाई, एवढाच अर्थ आपल्या मनात ठसून राहिला.

त्याचा परिणाम घराघरात दिसतो. मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली की दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. काहींना हे काम हलके वाटते, रात्रपाळी नको वाटते, परक्या माणसांना हात लावणे नको वाटते. दुसरे काहीजण कामाला हलके म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की, आजाऱ्याची खिदमत तर आपल्या अम्मी आणि खाला घरात रोज करतात, त्यासाठी तीन-चार वर्षे शिकायचे ते काय? मला स्वतःला पहिल्या उत्तरापेक्षा दुसऱ्याची चिंता अधिक वाटते, कारण ते प्रेमाने दिलेले असते. म्हणून या बाईचे चरित्र आज तुमच्यासमोर ठेवीत आहे. दिवा थोडा वेळ बाजूला ठेवून वाचावे ही विनंती.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात तिचा जन्म झाला आणि शहराचेच नाव तिला मिळाले. आईवडील इंग्रज होते, लग्नानंतर युरोपच्या लांब प्रवासाला निघालेले. आदल्या वर्षी नेपल्समध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलीलाही त्यांनी त्या शहराचे जुने ग्रीक नाव ठेवले होते, पार्थेनोपी. वडील विल्यम नाइटिंगेल मोठे जमीनदार. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे, नोकरचाकर, पाहुण्यांचा राबता. त्या काळी मुलींसाठी विद्यापीठांची दारे बंद होती. विल्यमसाहेबांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास, तत्त्वज्ञान. धाकटीला याखेरीज गणिताचा नाद लागला. आईला तो पसंत नव्हता, कारण लग्नाच्या मुलीला गणिताचा उपयोग काय हे तिला कळेना. तो उपयोग पुढे हजारो सैनिकांना झाला, पण त्याला अजून अवकाश होता.

वयाच्या सोळाव्या वर्षी ईश्वराने आपल्याला कामासाठी बोलावले आहे, असे तिला तीव्रतेने वाटले. काम कोणते, हे मात्र उमगायला अनेक वर्षे गेली. आजूबाजूच्या खेड्यांतील गरीब आजाऱ्यांकडे ती जाऊ लागली आणि तिथे तिला पहिली ठेच लागली. मनात दया भरपूर होती, पण समोर तळमळणाऱ्या माणसासाठी नेमके काय करावे हे ठाऊक नव्हते. १८४५ मध्ये तिने घरी सांगितले की, जवळच्या सॉल्सबरीच्या इस्पितळात काही महिने राहून मला काम शिकायचे आहे. घरात आकांत झाला. आई रडली, बहीण आजारी पडली, ज्या वडिलांनी ग्रीक शिकवले तेही रागावले.

पालकहो, त्या आईवडिलांना दोष देण्याची घाई करू नका. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळ हे फक्त गरिबांसाठी असे. ऐपतदार माणूस घरीच बरा होई किंवा घरीच मरे. वॉर्डात घाण, दुर्गंधी आणि गर्दी. नर्स म्हणून राहणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित, तुटपुंज्या पगाराच्या, आणि त्यांतील कित्येकजणी दारू पिण्याबद्दल कुप्रसिद्ध होत्या. कोणता बाप मुलीला तेथे पाठवील? पण आईवडील आणि मुलगी यांच्यात फरक असा की, ते त्या स्थितीकडे पाहून म्हणत होते, जाऊ नकोस. आणि ती त्याच स्थितीकडे पाहून म्हणत होती, म्हणूनच कोणीतरी शिकून गेले पाहिजे.

पुढची आठ वर्षे तिने घरातच काढली. वरून पाहणाऱ्याला ती वाया गेलेली वर्षे वाटतील. पहाटे अंधारात उठून, शाल गुंडाळून, ती इस्पितळांचे आणि आरोग्यखात्याचे सरकारी अहवाल वाची, आकडे वहीत उतरवून घेई आणि न्याहारीची घंटा झाली की खाली येऊन पाहुण्यांशी हसून बोले. एका विद्वान, सज्जन आणि तिला आवडणाऱ्या गृहस्थाची मागणीही तिने नाकारली. अखेर १८५० मध्ये, आणि पुन्हा १८५१ मध्ये तीन महिने, जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कैसर्सवेर्थ येथे पाद्री फ्लिडनर यांच्या संस्थेत तिला राहायला मिळाले. पहाटेपासून काम, साधे जेवण, शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांजवळ उभे राहणे. ती तिथे सुखी होती. तरी पुढे लोक जेव्हा म्हणत की तिचे शिक्षण कैसर्सवेर्थला झाले, तेव्हा तिला ते रुचत नसे. तेथील माणसांची निष्ठा तिला पूज्य वाटे, पण परिचर्या कच्ची आणि स्वच्छता वाईट होती, असे ती स्पष्ट सांगे. निष्ठा आणि कौशल्य या दोन गोष्टी तिने तेव्हापासून वेगळ्या मोजल्या. माझ्या मते तिच्या चरित्राची किल्ली येथे आहे.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनला हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाची अधीक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली. पगार नाही, पण आता वडिलांनी माघार घेऊन वर्षाला ५०० पाउंड देण्याचे कबूल केले. (आतापर्यंत मी तिला ती म्हटले, आता बाई म्हणणे भाग आहे.) बाईंनी रुजू होताच काय मागितले पाहा. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी हवे. खालच्या स्वयंपाकघरातून जेवण वर चढवणारा पाळणा हवा. रोग्याने घंटी वाजवली तर ती कोणत्या खोलीतून वाजली हे नर्सला कळले पाहिजे. ही हौस नव्हती. नर्सचा सारा दिवस बादल्या आणि ताटे घेऊन जिने चढण्यात गेला, तर रोग्याकडे पाहणार कोण, असा तिचा साधा हिशेब होता.

वर्षभरात क्रिमियाचे युद्ध पेटले. रशियाविरुद्ध तुर्कस्तान, आणि तुर्कस्तानच्या बाजूने इंग्लंड व फ्रान्स. सप्टेंबर १८५४ मध्ये फौजा क्रिमियात उतरल्या. तेथून आजारी व जखमी सैनिक काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलसमोरच्या किनाऱ्यावर, उस्कुदार येथे आणले जात. इंग्रज या गावाला स्कुतारी म्हणत. तुर्की सरकारने सुलतान सेलिमच्या नावाची तेथील प्रचंड लष्करी बराक इंग्रजांना इस्पितळासाठी दिली होती. तेथील हालअपेष्टांच्या बातम्या लंडनच्या टाइम्स पत्रात छापून येताच देश खवळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट बाईंना ओळखत होते. त्यांनी बोलावले, आणि २१ ऑक्टोबरला बाई ३८ स्त्रियांना घेऊन निघाल्या. काही जोगिणी, काही पगारी नर्सेस. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या उस्कुदारला पोहोचल्या.

लष्करी डॉक्टरांना त्या नको होत्या. त्यांनी वॉर्डात काम देण्याचे नाकारले. बाईंच्या सोबतच्या स्त्रिया चिडल्या. बाहेर माणसे कण्हत होती आणि यांना हात लावायची परवानगी नव्हती. पण बाईंनी हुकूम दिला की डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकाही रोग्याला हात लावायचा नाही. पट्ट्या शिवा, उशा भरा आणि वाट पाहा. हे वाचून कोणाला त्या निष्ठुर वाटतील. पण नियम मोडून चार दिवस केलेल्या कामापेक्षा विश्वास मिळवून दोन वर्षे करायचे काम मोठे आहे, हे त्यांना कळत होते. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमी आणि पाठोपाठ हिवाळ्यातील हगवण, ताप, हिमदंशाचे रोगी यांच्या बोटीमागून बोटी येऊ लागल्या आणि डॉक्टरांनी स्वतः बोलावणे पाठवले.

मग जे काम सुरू झाले त्यात दिवा फार थोडा वेळ लागतो. घासण्याचे ब्रश, साबण, टॉवेल, थाळ्या, चमचे. कपडे धुण्यासाठी एक घर भाड्याने घेऊन त्यात पाणी तापवण्याचे हंडे बसवले आणि सैनिकांच्या बायकांना पगार देऊन धुलाईवर लावले. गंभीर रोग्यांसाठी पातळ अन्न करणारी वेगळी स्वयंपाकघरे उघडली. लष्करी कोठारात माल पडून असे, पण अमुक अधिकाऱ्याची सही नाही म्हणून उघडला जात नसे. बाई तो माल टाइम्सच्या वर्गणीतून इस्तंबूलच्या बाजारात विकत घेत. एक जळका भाग निकामी पडला होता. सरकारी मंजुरीची वाट न पाहता त्यांनी सुमारे २०० कामगार लावून तो दुरुस्त केला आणि शेकडो खाटांची सोय केली. आणि हे सर्व झाल्यावर रात्री फानूस घेऊन फेरी. फेरीनंतर पत्रे: मेलेल्या सैनिकाच्या आईला, बायकोला. फेरी आणि पत्रे लोकांच्या लक्षात राहिली, धुलाईघर राहिले नाही.

वाचकहो, आता जरा कठीण भाग येतो. चरित्रे लिहिणारे पुष्कळदा तो टाळतात.

इतके सारे करूनही माणसे वाचत नव्हती. फेब्रुवारी १८५५ मध्ये या इस्पितळात मृत्यूचे प्रमाण शेकडा बेचाळीसपर्यंत चढले. चादरी धुतलेल्या होत्या, सूप गरम होते, नर्सेस जागत होत्या, तरी माणसे मरत होती. कारण त्या भव्य बराकीच्या खाली तुंबलेली गटारे होती. संडासांची घाण वाऱ्याबरोबर वॉर्डात येत होती, खिडक्या पुरेशा उघडत नव्हत्या, खाटा एकमेकींना खेटून होत्या. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्य आयोग आला, त्यात डॉक्टर सदरलंड आणि इंजिनियर रॉलिन्सन होते. त्यांनी गटारे धुवून काढली, आवारातील मेलेली जनावरे उचलली, पाण्याची व्यवस्था सुधारली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

बाईंना त्या वेळी या सर्वाचा पूर्ण अर्थ कळला नव्हता. सैनिक अर्धमेले होऊन, उपाशी आणि उशिरा येतात म्हणून मरतात, अशीच त्यांची समजूत होती. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हाला गेल्या असता त्या स्वतः तापाने मरणाच्या दारी जाऊन आल्या. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. देशभर सत्काराची तयारी चालली होती. बाई मिस स्मिथ या नावाने प्रवास करून गुपचूप घरी आल्या.

येथे बहुतेक माणसांचे काम संपले असते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एवढी कीर्ती पदरात घेऊन कोणीही विसावले असते. बाईंनी सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा सरकारी आयोग नेमायला लावला आणि विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर युद्धातील मृत्यूंची मोजणी करायला बसल्या. आणि १८५७ साली त्या कागदांतून जे निघाले ते त्यांना हादरवणारे होते. पुढे आघाडीवर, साध्या झोपड्यांत, सामानसुमान तुटपुंजे असताना जे सैनिक पडून होते ते अधिक वाचले. आणि बाईंच्या इस्पितळात, पहिल्या हिवाळ्यात, अधिक मेले. उपासमार आणि थकवा दोघांनाही होता. फरक होता तो जागेचा, हवेचा आणि गटारांचा. त्या संपूर्ण युद्धात सुमारे १६ हजार इंग्रज सैनिक आजाराने दगावले. शत्रूच्या शस्त्राने मेलेले आणि जखमांनी मेलेले मिळून पाच हजारांहून कमी. आजाराने गेलेल्यांपैकी पुष्कळांचे मरण टाळता येण्याजोगे होते, आणि त्यांतील बरेचजण बाईंच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या देखरेखीखाली गेले होते.

असे सत्य हाती आल्यावर माणूस काय करतो? कागद बाजूला सरकवतो. जगात कोणीही त्यांना दोष देत नव्हते; उलट लोक त्यांना पूजत होते. बाईंनी ते आकडे छापावे म्हणून आग्रह धरला. मंत्र्यांना रकान्यांचे कंटाळवाणे तक्ते वाचवत नाहीत हे जाणून त्यांनी १८५८ मध्ये एक आकृती तयार करवली. घड्याळासारखे वर्तुळ, बारा महिन्यांचे बारा फाळके. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांच्या मृत्यूंचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या रंगाने कागद व्यापलेला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे असे ते चित्र होते. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. आईला नकोसे झालेले गणित असे कामी आले.

या घटनेनंतर बाईंची परिचर्येविषयीची कल्पना पक्की झाली. रोग्यावर माया करणारी नर्स चांगली हे खरे, पण आपण केलेल्या कामाचा निकाल काय लागला हे जी मोजून पाहते आणि चूक निघाली तर मान्य करते, तीच कामात तरबेज. १८५९-६० च्या सुमारास त्यांचे परिचर्येवरील टिपणांचे छोटे पुस्तक निघाले. ते नर्सेससाठी नव्हते, घरातल्या बायकांसाठी होते. कधी ना कधी प्रत्येक स्त्रीच्या हाती कोणाची तरी प्रकृती सोपवलेली असते, मग तिने ते काम समजून का करू नये, असा त्यामागचा विचार. म्हणजे, घरात बायका खिदमत करतातच असे म्हणणाऱ्यांना बाईंचे उत्तर तयार होते: करतात, म्हणूनच शिकल्या पाहिजेत.

त्या पुस्तकातील गोष्टी इतक्या साध्या आहेत की वाचून हसू यावे, आणि करायला गेले की अवघड. खोलीतील हवा बाहेरच्या इतकी शुद्ध हवी, पण रोग्याला गारठा लागता कामा नये. हे दोन्ही एकाच वेळी साधणे हे कसब. दाराबाहेर कुजबुजू नये, कारण रोग्याला मोठ्या आवाजापेक्षा आपल्याविषयी चाललेली कुजबुज अधिक छळते. (आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य पाठ करायला हरकत नाही.) तू लवकर बरा होशील, असा पोकळ दिलासा देऊ नये. मांसाचे सूप म्हणजे ताकद, ही समजूत तपासून पाहावी. ते आटवले तर घन पदार्थ किती थोडा उरतो ते दिसते. आपल्या घरातील यखनीलाही हे लागू आहे. रोग्यासमोर अन्न ठेवले एवढ्यावर समाधान मानू नये, त्याने किती खाल्ले आणि कोणत्या वेळी त्याला खाववते ते पाहावे.

सर्वांत अधिक भर निरीक्षणावर. रात्री झोप चांगली लागली का, असे नर्सला विचारले तर उत्तराला अर्थ नाही. एकाची चांगली झोप म्हणजे दहा तास, दुसऱ्याची चार. किती तास झोपला आणि कोणत्या वेळी झोपला, असे विचारावे आणि तसेच सांगावे. डॉक्टर दिवसातून एकदा येतो. बाकीचे तास रोगी नर्सच्या डोळ्यांसमोर असतो. ती जे पाहील आणि जसे सांगेल, त्यावर डॉक्टरचा निर्णय. तिने अंदाजाने सांगितले तर औषध अंदाजाने मिळेल. दुसरी गोष्ट व्यवस्थेची. आपण हजर असताना सगळे ठीक चालते यात विशेष नाही. आपण जेवायला गेलो, झोपलो, रजेवर गेलो, तरी रोग्याचे काहीही अडू नये अशी तजवीज करून ठेवणे, हे बाईंच्या मते खऱ्या अधिकाराचे लक्षण. माझ्यावाचून येथे पान हलत नाही, असे अभिमानाने सांगणारी माणसे आपण सर्वत्र पाहतो. बाईंच्या लेखी ती नापास.

क्रिमियात असताना लोकांनी त्यांच्या नावे निधी जमवला होता. त्यातून जून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नर्सेसची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ मुली, एक वर्षाचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला १० पाउंड. प्रत्येकीला स्वतंत्र खोली, कारण चांगल्या घरच्या आईबापांना मुलगी पाठवताना धास्ती वाटू नये. मेट्रन वॉर्ड्रोपर बाई दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरत. एका बाजूला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. दुसऱ्या बाजूला मलमपट्टी, जळवा लावणे, बस्ती देणे, बिछाना करणे, रोग्याचे अन्न शिजवणे, वॉर्डाची स्वच्छता, निरीक्षण. स्वभाव आणि हुनर, दोन्हीला गुण. एकात कमी पडले तर दुसऱ्यातून भरून निघत नसे. येथून बाहेर पडलेल्या मुली पुढे इंग्लंडात आणि इंग्लंडबाहेर मेट्रन झाल्या. याच शाळेतून शिकलेली ॲग्नेस जोन्स १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या वर्कहाउसच्या इस्पितळात बारा नर्सेस घेऊन गेली. शहरातील सर्वांत निराधार रोग्यांत तिने तीन वर्षे काम केले आणि १८६८ मध्ये टायफसने ती वारली.

दुसरी शाळा सुईणींची होती, किंग्ज कॉलेज इस्पितळात. तेथे बाळंतज्वराने बाळंतिणी मरू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये ती बंद करण्यात आली. बाईंनी मग ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये पुस्तक लिहून दाखवले की, गरिबाच्या झोपडीत बाळंत होणाऱ्या स्त्रीपेक्षा मोठ्या प्रसूतिगृहात बाळंत होणाऱ्या स्त्रीला धोका अधिक होता. स्वतःच्या निधीवर चाललेली शाळा बंद पडली, त्याची लाज न बाळगता तिचा हिशेब मांडणे सोपे नव्हे.

त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो, ही कल्पना त्यांनी फार वर्षे मानली नाही. दूषित हवेवरच त्यांचा भर होता. जंतूंचे शास्त्र पुढे आले तेव्हा त्यांचे मत हळूहळू बदलले. आपली लंडनची शाळा जशी कागदावर दिसते तशी चालत नाही, हे त्यांना दहा-बारा वर्षांनी कळले. त्यानंतर त्या मुलींना एकेक करून घरी बोलावत, काय शिकलीस ते विचारत आणि टिपून ठेवत. १८८७ नंतर नर्सेसची सरकारी नोंदवही असावी, परीक्षा होऊन नाव चढावे, अशी चळवळ सुरू झाली. बाईंनी तिला कसून विरोध केला. परीक्षेने पुस्तकी ज्ञान कळेल, मध्यरात्री रोगी बिघडला तर ही काय करील ते कळणार नाही. शिवाय नाव एकदा चढले की हात गंजला तरी नाव तसेच राहील, ही त्यांची शंका. इंग्लंडात नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला आणि तो योग्यच झाला, असे मला वाटते. नाहीतर कोणीही पांढरा गणवेश चढवून नर्स म्हणवून घेईल. परंतु बाईंची शंका त्या कायद्याने मिटलेली नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्या प्रत्येक पदवीधराने, मग तो डॉक्टर असो की माझ्यासारखा शिक्षक, ती स्वतःला विचारून पाहावी.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, परंतु १८५९ पासून येथील छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून मागवून त्यांनी गाड्याभर कागद वाचले. येथे इंग्रज सैनिक वर्षाला दर हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, आणि तेही लढाई नसताना. पाणी, गटारे, बराकी सुधारल्यावर १८७३ पर्यंत हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले. पुढे त्यांचे लक्ष सैनिकांवरून खेड्यांतील रयतेकडे वळले. बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिदुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. येथील इस्पितळांतील परिचर्या कशी असावी, यावर त्यांनी १८६५ मध्येच एक योजना लिहून दिली होती.

हे सारे काम त्यांनी बहुतेक अंथरुणावरून केले. क्रिमियातल्या तापाने, जो बहुधा ब्रुसेलोसिस असावा, त्यांचे शरीर कायमचे मोडले होते. १८५७ नंतर अनेक वर्षे त्या खोलीबाहेर क्वचितच पडल्या. मंत्री, गव्हर्नर, व्हाइसरॉय त्यांच्या भेटीला येत. शेवटी दृष्टी गेली, स्मृतीही मंद झाली. १९०७ मध्ये राजाने ऑर्डर ऑफ मेरिट हा मान पाठवला, तो मिळालेली ती पहिली स्त्री. पण तोवर त्यांना त्याचे फारसे भान उरले नव्हते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपला देह वैद्यकीय अभ्यासासाठी द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. ते पाळले गेले नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांशेजारी दफन करण्याची सूचना मात्र नातेवाइकांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे नाकारली. हॅम्पशायरमधील लहानशा गावी, आईवडिलांजवळ, त्यांना पुरले. सैनिकांनी शवपेटी वाहून नेली. थडग्यावर नावही नाही. दोन अक्षरे आहेत, एफ. एन., आणि त्याखाली जन्माची आणि मृत्यूची तारीख.